जुन्या एसीत नेमकं काय बिघडलंय? तपासून घेताना या चुका टाळा

एसी आठ-दहा वर्षांचा झाला आणि थंडावा जरा कमी वाटला की आपण मेकॅनिकला फोन लावतो आणि पहिलंच वाक्य काय, तर "गॅस संपलाय बहुतेक, भरून द्या." झालं, निदान आपणच करून मोकळे. तो येतो, गॅस भरतो, थोडे दिवस गारेगार आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मी सलग दोन उन्हाळे हेच केलंय. गॅस म्हणजे काही पेट्रोल नाही वापरून संपायला, तो बंद नळ्यांमधून तोच तोच फिरत असतो, म्हणजे कमी झालाय तर कुठूनतरी गळतोय. आमची गळती शेवटी आउटडोअरच्या (बाहेरच्या युनिटच्या) फ्लेअर नटपाशी, म्हणजे गॅसची नळी जोडणाऱ्या नटपाशी निघाली, साबणाचा फेस लावला तर बुडबुडे! हे पहिल्याच वेळी कुणी बघितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यामुळे फोनवर फक्त लक्षणं सांगा. कधीपासून होतंय, सुरू केल्यावर किती वेळाने होतं, आउटडोअरचा पंखा फिरतो का, पाणी कुठून गळतं, बस.

दुसरी चूक म्हणजे फिल्टर आणि कॉइल (ज्यातून गॅस फिरतो ती नळ्यांची जाळी) घाण असताना तपासणी करून घेणं. हवा कमी गेली तरी कॉइलवर बर्फ धरतो आणि गॅस कमी असला तरी धरतो, म्हणजे नुसता बर्फ बघून कुणी "गॅस" म्हणाला तर तो अंदाज झाला. आधी बर्फ पूर्ण वितळू द्या, फिल्टर धुवा, कॉइल साफ करून घ्या, मग मोजा. आणि मेकॅनिक यायच्या आधी एसी पंधरा-वीस मिनिटं चालू असू दे, बंद मशीनवर कळतं काय?

मोजायचं काय ते सांगतो. इनडोअरमध्ये वरून आत जाणारी हवा आणि खालून बाहेर येणारी हवा यांच्या तापमानात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा (खूप दमट हवेत थोडा कमी येतो). साधा थर्मामीटर पुरतो, हे तुम्ही स्वतः करू शकता. मग क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमटा लावून मोजणारा मीटर) करंट, आणि तो मशीनच्या प्लेटवर छापलेल्या आकड्याशी ताडून बघायचा. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा) वेग बदलत राहतो म्हणून नुसत्या गेजच्या, म्हणजे दाब मोजणाऱ्या घड्याळाच्या प्रेशरवर गॅस भरणं चूकच, प्लेटवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढा वजन करून भरायचा, तोही गळती बंद करून, व्हॅक्यूम मारून (पंपाने नळ्यांतली हवा काढून).

आता सगळ्यात महागडी चूक. "कॉम्प्रेसर गेला" ऐकलं की आपण लगेच नवा एसी बघायला लागतो. थांबा! आउटडोअर नुसता घुं घुं करतो आणि थोड्या वेळाने गप्प होतो, हे कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा छोटा डबीसारखा भाग) कमजोर झाल्यावरही होतं. तो मीटरवर मोजायला सांगा, वर छापलेल्या आकड्यापेक्षा ५-६ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर आधी तो बदला. (स्वतः हात घालू नका, लाइट बंद केली तरी त्यात चार्ज राहतो.) आणि तापलेला कॉम्प्रेसर आतल्या ओव्हरलोडमुळे (जास्त तापल्यावर करंट तोडणाऱ्या स्विचमुळे) मीटरवर मेल्यासारखा दिसतो, नीट गार होऊ द्या, मग वाइंडिंग (आतल्या मोटरची गुंडाळलेली तार) मोजू द्या. एवढं न करता निकाल देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

पाणी गळत असेल तर बहुतेकदा ड्रेन पाइप तुंबलेला असतो, लगेच गॅसशी संबंध लावू नका.

गॅस कुठला हेही प्लेटवर बघून ठेवा. बरीच जुनी मशीनं आर-२२ वर असतात, हा ओझोनला मारक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होतोय. त्यात आर-४१०ए भरतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, त्याचं प्रेशर बरंच जास्त असतं, जुन्या मशीनसाठी ते नाहीच.

मोठा खर्च सांगितला तर मीटरवरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा आणि दुसऱ्या मेकॅनिकला बोलवा, पण पहिला काय म्हणाला ते आधी सांगू नका, दुसऱ्याचे आकडे येऊ द्या मग फोटो दाखवा.