ऑनलाइन अभिव्यक्तीच्या नियमांवर हरकती पाठवताय? या चुका टाळा

केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान नियमांत बदलाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी आला की व्हॉट्सअॅपवर तयार निवेदन फिरू लागतं: खाली नाव टाका, पाठवा. पहिली चूक इथेच होते. एकाच मजकुराची हजार पत्रं गेली तरी हरकत एकच मोजली जाण्याची शक्यता जास्त. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) डेटाच्या वेगवेगळ्या दरांबाबत चार प्रश्न विचारले होते. फेसबुकने वापरकर्त्यांकडून ‘फ्री बेसिक्स’च्या, म्हणजे ठरावीक संकेतस्थळं फुकट देणाऱ्या आपल्या योजनेच्या, पाठिंब्याची लाखो पत्रं पाठवून घेतली. त्यांत चार प्रश्नांची उत्तरंच नाहीत, असं ट्रायने उघडपणे सुनावलं आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाचे दर बंद करणारे नियम काढले. शंभर सह्यांपेक्षा पाच वेगळी पत्रं बरी. जसं, एक वकिलाचं, एक स्थानिक वार्ताहराचं, एक यूट्यूब चॅनल चालवणाऱ्याचं.

दुसरी चूक भाषेची, आणि ती सगळ्यांत महाग पडते. ‘हा मसुदा लोकशाहीची गळचेपी करतो’ हे खरं असेलही, पण फाईलवर टिपण लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचं करायचं काय? प्रत्येक हरकतीत चार गोष्टी हव्यात: नियमाचा क्रमांक, मसुद्यातले शब्द जसेच्या तसे, त्यांनी नेमकं कुणाचं काय बिघडतं, आणि त्या जागी कोणते शब्द हवेत. एप्रिल २०२३ ची दुरुस्ती घ्या. नियम ३(१)(बी)(पाच). केंद्र सरकारच्या कामकाजाविषयी ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ मजकूर कोणता, हे केंद्राचाच तथ्यतपासणी कक्ष ठरवणार होता. ‘दिशाभूल’ची व्याख्या नाही. ठरवणारा आणि ज्याच्याबद्दल मजकूर आहे तो, दोन्ही एकच. मजकूर ठेवला तर कंपनीचं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खालचं संरक्षण (वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार न धरण्याचं) धोक्यात, म्हणजे कंपनी वाद न घालता तो काढणार. हरकत अशी लिहावी. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाचे दोन न्यायमूर्ती या दुरुस्तीवर विभागले गेले, सप्टेंबरमध्ये न्या. अतुल चांदूरकरांनी तिसरं मत दिलं आणि दुरुस्ती पडली. त्यांच्या निकालातही या शब्दांची संदिग्धता हा कळीचा मुद्दा होता.

पर्यायी मागणी देताना जपून. ‘हे वगळा’ ही मुख्य मागणी वर, आणि ‘ते मान्य नसल्यास’ असं स्वतंत्र शीर्षक देऊन पर्याय खाली. दोन्ही एका परिच्छेदात कालवलीत की ‘संस्थांनी बदलांसह पाठिंबा दिला’ असा अर्थ काढायला जागा राहते.

कलमांची गल्लतही नेहमीची. याच कायद्यातलं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. ‘ते रद्द करा’ असं आता निवेदनात आलं की पुढचं कुणी गांभीर्याने वाचत नाही. कलम ६९अ आणि ७९(३)(बी) एकाच दमात लिहू नका. ६९अ खाली मजकूर रोखण्याची ठरावीक कारणं आहेत, ती लेखी नोंदवावी लागतात, समिती असते. ७९(३)(बी) नुसार सरकारने कळवूनही मजकूर काढला नाही तर कंपनीचं संरक्षण जातं. त्यात तशी रचना नाही, आणि नेमका हाच तुमचा मुद्दा असू शकतो. नियमांतल्या मुदतीही (मजकूर काढण्याच्या वगैरे) जुन्या प्रतीवरून उतरवू नका. नियम २०२१ चे असले तरी त्यांत वारंवार दुरुस्त्या होतात. राजपत्रातली ताजी प्रत समोर ठेवूनच लिहा.

हरकतींची मुदत तोकडी असेल तर? केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात किमान ३० दिवस सांगितले आहेत. पहिल्याच दिवशी त्याचा हवाला देऊन मुदतवाढ आणि मराठी अनुवाद मागणारा दोन ओळींचा मेल टाका. पण हे धोरण आहे, कायदा नव्हे. उत्तराची वाट बघत बसलात तर मूळ तारीख हातची जाते. (आणि हरकती दिल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे जातात, नरिमन पॉइंटच्या मंत्रालयाकडे नव्हे.)

शेवटी, हरकतीला आधार मिळवण्यासाठी माहिती अधिकार. ‘अमुक खातं का रोखलं?’ असं विचारलंत की कलम ६९अ खालच्या २००९ च्या रोध-नियमांतल्या (मजकूर रोखण्याच्या पद्धतीच्या नियमांतल्या) नियम १६ ची गोपनीयता पुढे केली जाते. त्याऐवजी आकडे मागा: नियम ९ खाली वर्षात किती तातडीचे आदेश निघाले? नियम १४ ची पुनर्विलोकन समिती दोन महिन्यांतून किमान एकदा बसायला हवी, ती वर्षात कितीदा बसली? तिने किती आदेश फिरवले? केंद्राच्या पोर्टलवरच्या रकान्यात अर्जाचा मजकूर ३००० अक्षरांपर्यंतच बसतो, जास्त असेल तर तो जोडपत्र म्हणून लावावा लागतो. फी १० रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. केंद्राकडे त्याला फी नाही. महाराष्ट्राच्या कार्यालयाकडे अपील असेल तर २० रुपये लागतात.