माजी सैनिकांच्या मुलांची शिष्यवृत्ती: अर्ज परत येतो तो या चुकांमुळे

केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पंतप्रधान शिष्यवृत्तीसाठी दरवर्षी 5,500 जागा असतात, 2,750 मुलींना आणि 2,750 मुलांना. मुलीला महिन्याला 3,000 रुपये, मुलाला 2,500. इंजिनीअरिंग, फार्मसी किंवा बी.एड.ला गेलेल्या जवानाच्या मुलासाठी ही रक्कम लहान नाही. पण बरेच अर्ज गुणांमुळे नव्हे, तर कागदांमुळे अडकतात. त्यातला कितीतरी त्रास आधी लक्ष दिलं तर टळू शकतो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी अडचण नावांची. मुलगी जन्मली तेव्हा वडील सीमेवर. नंतर कधीतरी युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या कुटुंबाची नोंद करणारा लष्करी आदेश) निघाली, तिच्यात घरातलं नाव गेलं: पिंकी. शाळेत ती प्रियांका. जन्मतारखेतही दोन-चार महिन्यांचा फरक. वडील निवृत्त झाले आणि निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवेच्या नोंदवहीत, म्हणजे डिस्चार्ज बुकात, पिंकीच राहिली. सतरा-अठरा वर्षं कुणाचं तिकडे लक्ष जात नाही. मग बारावीनंतर अर्ज भरताना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले साहेब विचारतात, "ही प्रियांका तुमचीच मुलगी हे कशावरून?" आईच्या नावाचंही तेच. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर.

यावर उपाय आहे, पण तो एका दिवसात होत नाही. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि प्रतिज्ञापत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज जिल्हा कार्यालयामार्फत आपल्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान असेल तर बेळगावला, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशातल्या सागरला. तिथून दुरुस्ती होऊन यायला वेळ लागतो, आणि शिष्यवृत्तीची शेवटची तारीख आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून मूल दहावीत असतानाच डिस्चार्ज बुक कपाटातून काढा आणि मार्कशीटशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. वीरपत्नी असाल आणि हे कागद आजवर हातात घेतले नसतील, तर जिल्हा कार्यालयात जाऊन सरळ मदत मागा. तो तुमचा हक्क आहे.

दुसरी चूक म्हणजे "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी भरू." ही शिष्यवृत्ती व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षालाच मागायची असते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांना सवलत आहे, बाकीच्यांची संधी गेली ती गेली. दहावीनंतरच्या डिप्लोमाला ती मिळत नाही, दूरशिक्षणाला नाही, परदेशातल्या शिक्षणालाही नाही. गुण बघतात ते त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला लागणाऱ्या परीक्षेचे, म्हणजे बारावीचे, डिप्लोमाचे किंवा (बी.एड.सारख्याला) पदवीचे, किमान 60 टक्के. सीईटीचा पर्सेंटाइल कितीही चांगला असला तरी इथे तो धरत नाहीत.

वडील अजून सेवेत असतील तर अर्ज करू नका, ही योजना निवृत्तांसाठी आहे, तीही अधिकारी पदाखालच्या. सीमा सुरक्षा दल किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेली मंडळीही नावामुळे फसतात. त्यांच्यासाठी याच नावाची वेगळी योजना गृह मंत्रालयाची आहे आणि तिचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात. सैनिक बोर्डात त्यांचा हेलपाटा फुकट जातो.

मूल अजून शाळेत आहे, किंवा साध्या बी.ए., बी.कॉम.ला आहे? मग रक्षामंत्री निधीतून मिळणाऱ्या शैक्षणिक अनुदानाकडे बघा. पहिलीपासून पदवीपर्यंत, दोन मुलांपर्यंत. ते महिन्याला 1,000 रुपये होतं, 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 2,000 झालं. हवालदार आणि त्या दर्जापर्यंतच्या माजी सैनिकांना ते मिळतं. गावागावांत अजून जुनाच आकडा सांगितला जातो आणि "एवढ्याशासाठी कोण खेटे घालणार" म्हणून लोक सोडून देतात. दोन मुलांचे वर्षाला 48,000 होतात. कृपा करून सोडू नका.

इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडला, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीला, अर्ज करताना डिफेन्सचा कोटाही नीट निवडा. वडील निवृत्त आणि महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर डिफेन्स 1. सेवेत असतील आणि अधिवास इथलाच असेल तर डिफेन्स 2, मग पोस्टिंग आसामात का असेना. अधिवासाचा दाखला वडिलांचा लागतो. नुसता मुलाचा जोडला की पडताळणीत अडतं.

आणि खुद्द माजी सैनिकांसाठी: दहावी आणि 15 वर्षं सेवेवर मिळणारं पदवी समकक्ष प्रमाणपत्र गट क च्या नोकरीसाठी आहे. ती विद्यापीठाची पदवी नव्हे, तिच्या भरवशावर एम.ए.ची फी भरू नका.

शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन गेला म्हणजे काम संपलं असं नाही. स्कॅन मूळ कागदाचाच करा, झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. बँक खातं आधारशी जोडलेलं असू द्या. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघा. जिल्हा कार्यालयाने त्रुटी काढली असेल तर ती तिथेच दिसते आणि मुदतीत दुरुस्त करावी लागते. अर्ज सायबर कॅफेत भरला असेल तर पासवर्ड आणि दिलेला मोबाइल नंबर घरच्या वहीत लिहून ठेवा, नूतनीकरणाच्या वेळी तोच लागतो.