चेहऱ्यावरची खाज जात नाही? या चुका टाळा

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, 22 वर्षं झाली. गालावर चट्टा, भुवयांत खाज किंवा पापण्यांवर सूज घेऊन दिवसातून दोन-तीन जण तरी काउंटरला येतात आणि म्हणतात, "ताई, खाजेची ट्यूब द्या." कसली खाज, किती दिवसांची, घरात आणखी कुणाला आहे का, असं विचारलं की कपाळाला आठ्या पडतात. घाई असते. या घाईनं बिघडलेले इतके चेहरे पाहिलेत, की आता लिहायलाच हवं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खाजेला नाव मिळण्याआधीच ट्यूब लावणं.

माझ्या धाकट्या बहिणीचंच सांगते. तिच्या गालावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला. घरात लग्न होतं. शेजारणीनं स्वतःची अर्धी उरलेली ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज गेली, लाली गेली, वर चेहराही उजळ दिसायला लागला. मग ती रोज रात्री लावायला लागली. सात महिन्यांनी दिवाळीला आली तेव्हा घरातही तोंडावर ओढणी होती. गाल लालबुंद, बारीक शिरा दिसत होत्या, गालावर लव वाढलेली, आणि चट्टा कानापर्यंत पसरलेला, पण त्याला ना कडा ना आकार. म्हणाली, "ताई, लावलं की थांबतं गं. बंद केलं की चेहरा पेटतो."

ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं आणि गालावर होता नायटा. स्टेरॉइड सूज आणि खाज दाबतं, त्यामुळे बरं वाटतं. पण बुरशीशी लढणारी कातडीची ताकदही तेच दाबतं, म्हणून बुरशी आतल्या आत पसरते. नायट्याची ओळखीची गोल कडाही पुसली जाते, मग डॉक्टरांनाही नुसत्या नजरेनं ओळखणं अवघड जातं. बहिणीच्या गालावरचा कोंडा ब्लेडनं खरवडून काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा बुरशीचे धागे दिसले. एवढी साधी तपासणी सात महिने कुणी केली नव्हती. आणि मूळ कुठे होतं? तिच्या नवऱ्याच्या कमरेला नायटा होता, आणि घरात टॉवेल एकच.

तीन महिने औषध घ्यावं लागलं. नवराही सोबत घेत होता, नाहीतर ते पुन्हा फिरून आलंच असतं. लाली जायला वर्ष लागलं. उन्हात गेली की अजूनही गाल चुरचुरतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे या अवस्थेला नावच आहे, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस, म्हणजे स्टेरॉइडच्या मलमांनी खराब झालेला चेहरा. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही ती मिळतात, हे मी आमच्या धंद्याची लाज म्हणून लिहिते. माझ्या काउंटरवरून चिठ्ठीशिवाय जात नाहीत. गिऱ्हाईक चिडून शेजारच्या दुकानात गेलं तरी चालेल.

ट्यूबवरचं बारीक नाव वाचायची सवय लावा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही सगळी स्टेरॉइडं. क्लोट्रिमाझोल, लुलिकोनाझोल ही बुरशीची औषधं. "सॉल" आणि "झोल" यांत गल्लत करू नका. काही ट्यूबमध्ये दोन्ही एकत्र असतात, त्या चेहऱ्याला तर नकोतच. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्येही मोमेटासोन असतं. महिनोन्‌महिने लावत आला असाल तर मात्र आज रागानं फेकून देऊ नका. एकदम बंद केलं की चेहरा भडकतो, आणि माणूस घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. ती कशी सोडायची ते डॉक्टर ठरवतील.

दुसरी चूक म्हणजे सगळा दोष ताटावर टाकणं.

आमच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, वांगं सोडलं, अंडं सोडलं, शेंगदाणे सोडले. चेहरा आणि मान तरी काळवंडून जाड झालेली, रात्रभर खाजवायचे. सगळे म्हणायचे, उन्हाचं आहे. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या वरच्या पापण्या पाहिल्या, कानामागे आणि हनुवटीखाली पाहिलं. तिथंही पुरळ होतं. नुसत्या उन्हाचं असतं तर या सावलीतल्या जागा बऱ्याचशा सुटल्या असत्या. मग त्यांनी विचारलं, "बांधावर काय वाढलंय?"

गाजर गवत. काँग्रेस गवत म्हणा हवं तर. 1950 च्या दशकात पुण्यात दिसलं आणि नंतर देशभर पसरलं. त्याचे परागकण आणि वाळलेला भुसा हवेतून येऊन उघड्या कातडीवर बसतो, म्हणून चेहरा, मान, कोपराचा खळगा धरतो. अण्णांच्या पाठीवर पॅच टेस्टच्या, म्हणजे कातडीला कशाची ॲलर्जी आहे ते शोधायच्या, पट्ट्या चिकटवल्या. 48 तासांनी काढून पाहिल्या, 96 तासांनी पुन्हा पाहिल्या. गाजर गवताची जागा लाल होऊन फुगली होती. दोन वर्षं पथ्य करणाऱ्या माणसाच्या अंगणातल्या दोरीवर रोज शर्ट वाळत होता, आणि दोरीच्या पलीकडे ते गवत कमरेएवढं वाढलेलं.

आता आमच्याकडे ते फुलायच्या आधीच उपटतो, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. अण्णा त्याला हात लावत नाहीत. शेतातून आले की आधी तोंड-मान धुतात, कपडे बदलतात. देवाला शेवंतीही तेच वाहायचे, ते काम आता मी करते, कारण ती त्याच कुळातली आहे. औषध चालू आहे, पण पहिला फरक गवत गेल्यावर पडला. अण्णा वांग्याचं भरीत परत खायला लागले.

बाकीच्या चुका थोडक्यात:

लिंबू, टूथपेस्ट, कडुलिंबाचा लगदा, जंतुनाशक पाणी यांतलं काहीही खाजऱ्या चेहऱ्यावर चोळू नका. लिंबू लावून उन्हात गेलेल्या मुलीच्या गालावर फोड आलेले मी पाहिलेत.

नाकाच्या कडेला, भुवयांत पिवळसर खपल्या आणि डोक्यात कोंडा असेल तर तेल चोपडू नका. त्यातलं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, तेलावरच जगतं.

केस रंगवल्यावर दोन-तीन दिवसांत पापण्या, कान, कपाळ सुजत असेल तर रंगावर संशय घ्या. काळ्या मेंदीतही तेच रसायन असू शकतं. फक्त पापण्यांवर पुरळ असेल तर नेलपॉलिश आठवा. बरोबर टिकलीच्या जागी असेल तर टिकलीचा गोंद.

दर आठवड्याला नवा साबण, नवी क्रीम नको. डॉक्टरांचं औषध आणि वर सांगितलेली महिनोन्‌महिने लावलेली ट्यूब सोडून मी दोन आठवडे बाकी सगळं बंद करायला सांगते: कोमट पाणी, साधं व्हॅसलीन, बस्स.

डॉक्टरांकडे जाताना तोंडाला काही फासून जाऊ नका. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकामी खोकीसुद्धा, पिशवीत घालून न्या. पुरळ कमी-जास्त होत असेल तर रोज सकाळी खिडकीशी एक फोटो काढून ठेवा.

खाज थांबली म्हणून नायट्याच्या गोळ्या पंधरा दिवसांत सोडू नका. यावर माझं रोज भांडण होतं.

कपाळाच्या एकाच बाजूला, डोळ्याजवळ आग होऊन पाण्याचे फोड उठले, तर ती नागीण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, डोळ्याला धोका असतो. ओठ-जीभ सुजून श्वास लागला तर माझ्याकडे मेडिकलला येऊ नका, थेट दवाखान्यात जा.