अलिबागला निघताय? आधी तिथी बघा

मुंबईहून मित्रांबरोबर एका दिवसात समुद्र बघून यायचं तर गेटवेहून मांडव्याची बोट पकडा. तासाभरात मांडवा, पुढे बसने अलिबाग. पण तारीख ठरवताना रविवार बघू नका, कालनिर्णय उघडा. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाण्याची मजा फक्त ओहोटीला आहे, आणि ती वेळ तिथीवरून काढता येते.

कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पहाटे पावणेचार. त्यानंतर सहा तासांनी, दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. सकाळच्या पहिल्या बोटींनी गेलात तर हे छान जुळतं. हा हिशोब अंदाजाचाच, म्हणून किनाऱ्यावर कोळी बांधवांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा आणि पाणी वळलं की लगेच परत फिरा. वाट शेवाळलेली असते, पट्ट्याच्या चपला घाला. आत गणपतीचं दर्शन घ्या, समुद्रात असूनही गोड्या पाण्याचं तळं आहे तेही बघा.

दुपारी किनारा सोडून चौलकडे वळा. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराच्या देवळापुढची पुष्करणी, पुढे रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट. मला तर अलिबागच्या गर्दीपेक्षा त्या पुष्करणीच्या पायऱ्यांवरचा अर्धा तास जास्त प्यारा आहे.

पावसाळ्यात गेटवेची बोट बंद असते. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोची, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीची, चौकशी करा.