आयर्विन पुलाची पाणीपातळी दाखवणारी चौकट सर्व्हरलेस फंक्शनवर कशी ठेवावी

पावसाळ्याने जोर धरला की सांगलीत पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. हा आकडा दाखवणारी छोटी चौकट शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत अशा कुणाच्याही वेबसाइटवर बसवता यावी, म्हणून ती वेब कंपोनंट म्हणून, म्हणजे कुठल्याही पानात स्वतःच्या टॅगने बसवता येणारा तयार तुकडा म्हणून लिहा. उन्हाळ्यात तिच्याकडे कुणी फिरकत नाही, पुराच्या रात्री मात्र सगळं गाव एकदम उघडतं. त्यासाठी वर्षभर सर्व्हर भाड्याने घेऊ नका. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेतल्या लॅम्डासारखं सर्व्हरलेस फंक्शन, म्हणजे स्वतःचा सर्व्हर न ठेवता चालणारा छोटा कोड, विनंती आली तरच चालतं, आणि लॅम्डात महिन्याला १० लाख विनंत्या मोफत असतात.

आधी कंपोनंट. एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये ब्राउझरच्या HTMLElement या मूळ क्लासवरून आपला क्लास बनवा आणि त्याला टॅगचं नाव द्या. नाव इंग्रजी लहान अक्षराने सुरू व्हावं, त्यात निदान एक हायफन हवा. नाहीतर ब्राउझर नोंदणीच नाकारतो. मजकूर शॅडो डॉममध्ये, म्हणजे पानापासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात ठेवा, म्हणजे यजमान पानाची सीएसएस (दिसण्याचे नियम) तुमची चौकट बिघडवणार नाही.

मग एडब्ल्यूएसच्या मुंबई विभागात नोडजेएसचं (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचं) लॅम्डा फंक्शन तयार करा, कंपोनंटची फाइल त्यातच भरा आणि फंक्शन यूआरएल, म्हणजे फंक्शनचा स्वतःचा वेब पत्ता, सुरू करा. बहुतेकजण इथे अडकतात. तुम्ही सांगितलं नाही तर उत्तर जेसन (नुसती माहिती) म्हणून जातं, आणि ब्राउझर ते मॉड्यूल, म्हणजे चालवायचा जावास्क्रिप्ट कोड, म्हणून चालवत नाही. म्हणून उत्तराचा प्रकार सांगणाऱ्या कंटेंट-टाइप हेडरमध्ये जावास्क्रिप्ट स्पष्ट लिहा. चौकट दुसऱ्यांच्या डोमेनवर चालणार, तेव्हा सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या डोमेनवरच्या पानांनी फाइल मागण्याची, परवानगीही द्या.

आकड्यासाठी वेगळं फंक्शन करा. कोड क्वचित बदलतो, पाणी मात्र तासागणिक चढतं. कोडच्या पत्त्यात आवृत्ती क्रमांक घालून त्याची कॅशे मुदत, म्हणजे साठवलेली प्रत वापरण्याची मुदत, वर्षभराची ठेवा. आकड्याची एक-दोन मिनिटांचीच. दोन्हींच्या पुढे क्लाउडफ्रंट, म्हणजे साठवलेली प्रत परस्पर देणारी एडब्ल्यूएसची सेवा, लावा. मग हजारोंनी पान उघडलं तरी फंक्शनपर्यंत मोजक्याच विनंत्या पोचतील. नव्या खात्याला एकाच वेळी चालणाऱ्या फंक्शनांची मर्यादा कमी मिळू शकते. ती मे महिन्यातच तपासा आणि वाढवून मागा.

सगळ्यात जास्त काळजी एका गोष्टीची घ्या. आकड्याशेजारी मोजणीची वेळ ठळक दिसलीच पाहिजे. नवी नोंद मिळाली नाही तर जुना आकडा ‘जुनी नोंद’ असा शिक्का मारून दाखवा, ताजा म्हणून कधीच नको. नदीकाठचं घर कधी सोडायचं, हे लोक त्या आकड्यावरून ठरवतात. आकडाही जलसंपदा विभागाने जाहीर केलेलाच घ्या, व्हॉट्सॲपवर फिरणारा नको.

शेवटी यजमान पानात स्क्रिप्टची एक ओळ आणि टॅगची एक ओळ टाका. मोबाइलचं नेटवर्क मुद्दाम मंद करून तपासा, कारण पुरात रेंज तशीच मिळते.