मिनी ट्रॅक्टरचं हायड्रोलिक ऑइल आणि फिल्टर बदलताना

द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर ओढणाऱ्या १८ ते २८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललं जातं. हायड्रोलिक ऑइलची आठवण मात्र लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) कुरकुरायला लागल्यावरच होते. या ट्रॅक्टरांत बहुधा गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांना एकच ऑइल असतं. ऑइल ब्रेक असतील तर ब्रेकच्या प्लेटीही त्यातच भिजतात. त्यामुळे गिअरची झीज, ब्रेकचं काजळ, ट्रॅक्टर धुताना शिरलेलं पाणी असं सगळं लिफ्टच्या पंपाकडेच निघतं, आणि वाटेत अडवायला फक्त फिल्टर असतो.

नव्या ट्रॅक्टरची पहिली बदली साधारण ५० तासांना येते. नवे गिअर एकमेकांत बसताना सर्वांत जास्त कीस सोडतात, म्हणून ही बदली चुकवू नका. पुढे फिल्टर २०० ते ३०० तासांनी आणि ऑइल मॉडेलप्रमाणे ४०० ते १००० तासांनी बदलतात. नेमका आकडा पुस्तिकेतलाच धरा. जुना ट्रॅक्टर घेतला असेल आणि आत काय भरलंय ते ठाऊक नसेल, तर तास मोजत बसू नका, सगळं ऑइल काढा.

कुठलं ऑइल भरायचं, हा प्रश्न ‘किती भरायचं’ यापेक्षा मोठा. ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरला यूटीटीओ (गिअर, लिफ्ट आणि ऑइल ब्रेक तिन्हींना चालणारं ट्रॅक्टरचं ऑइल) किंवा कंपनीने नाव देऊन सांगितलेलं ‘वेट ब्रेक’ ऑइलच लागतं. साधं हायड्रोलिक ६८ भरलं तर लिफ्ट छान चालेल, पण ब्रेक किंचाळायला लागतील आणि गिअरला पुरेसं संरक्षण मिळणार नाही. ‘नव्वद नंबर’ हे गिअर ऑइल भरलं तर डिसेंबरात निफाडच्या पहाटे ते इतकं दाट होतं की पंपाला ओढता येत नाही. काही जुन्या मॉडेलना लिफ्टची टाकी वेगळी असते, त्यांचा हिशोबही वेगळा. ऑइल मिनी ट्रॅक्टरमध्ये ढोबळमानाने १२ ते २५ लिटर बसतं. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा दोन लिटर जास्त आणा.

सोबत नवा फिल्टर, ड्रेन बोल्टचे तांब्याचे वॉशर, आतल्या गाळणीच्या जाळीच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी), फिल्टर काढायचा पाना, २५ लिटर मावेल असं पसरट भांडं आणि बनियनचं कापड घ्या. कापसाचा चोथा वापरू नका, त्याचे तंतू व्हॉल्व्हमध्ये अडकतात. फिल्टर विकत घेताना पार्ट नंबर जुळवा. इंजिन ऑइलच्या फिल्टरचे आटे कधीकधी जुळतात, तो बसतोही, पण पंपाच्या ओढीच्या बाजूला तो चालत नाही. त्याच्या बारीक कागदातून पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही आणि पंप उपाशी राहतो.

ट्रॅक्टर १०-१५ मिनिटं चालवून ऑइल कोमट करा, म्हणजे गाळ तळाशी न बसता ऑइलबरोबर बाहेर येईल. हात पोळेल इतकं गरम नको. सपाट जागी उभा करा, अवजार सोडा, लिफ्ट पूर्ण खाली घ्या, इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा. लिफ्ट वर राहिली तर सिलिंडरमधलं ऑइल आतच राहतं. उचललेल्या रोटाव्हेटरखाली तर कधीच शिरू नका.

बोल्ट उघडण्याआधी आसपासची माती कॉम्प्रेसरने उडवा. भरण्याचं झाकण सैल करा, मग ड्रेन बोल्ट खोला. बऱ्याच मॉडेलना मधल्या बोल्टशिवाय दोन्ही बाजूंच्या एक्सल हाउसिंगखालीही बोल्ट असतात. ते विसरले की जुनं ऑइल तिथेच साचून राहतं आणि नव्यात मिसळतं. निथळायला अर्धा तास द्या. फोर व्हील ड्राइव्हच्या पुढच्या एक्सलचं ऑइल वेगळं असतं, त्याचा या कामाशी संबंध नाही.

आता घाई न करता भांड्याकडे बघा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी आहे. गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असतं किंवा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) उघडा असतो, आणि फवारणीनंतर रोज प्रेशरने धुताना पाणी तिथूनच शिरतं. ते कारण आधी दुरुस्त करा, नाहीतर नवं ऑइलही महिन्याभरात पांढरं होईल. बोल्टच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी पेस्ट असणं नेहमीचं आहे. चमकणारे कण, गिअरच्या दातांचे तुकडे किंवा पितळी कीस दिसला तर भरण्याआधी मिस्त्रीला दाखवा. जळका वास आणि काळा लगदा असेल तर संशय ब्रेकच्या किंवा पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) क्लचच्या प्लेटींवर घ्या. दुधाळ ऑइल निघालं म्हणून आत डिझेल फिरवू नका. कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नव्या ऑइलला पातळ करतं. त्यापेक्षा त्याच जातीचं थोडं ऑइल भरून, पाच मिनिटं चालवून काढून टाका.

जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर बसण्याच्या जागी चिकटलं नाही ना, ते बोट फिरवून तपासा. एकावर एक दोन रबरं बसली की गळती ठरलेली. नव्याच्या रबराला ऑइल लावा. फिल्टर उभा बसत असेल तर त्यात अर्धं ऑइल ओतून ठेवा. हाताने फिरवा, आणि रबर टेकल्यावर पाऊण ते एक फेरा आणखी. आवळायला पाना वापरू नका. आत जाळी असेल तर ती डिझेलमध्ये धुवून आतून बाहेर हवा मारा. फाटलेली जाळी बदला. ओ-रिंग दर वेळी नवीच.

पंपाच्या ओढीच्या बाजूला गळती असली तर ऑइल बाहेर टिपकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून खाली जमीन कोरडी दिसते आणि लिफ्ट मात्र धक्के देत चढते, पंप कण्हतो, डिपस्टिकवर फेस येतो. ‘ऑइल बदललं आणि लिफ्ट बिघडली’ अशा तक्रारींत बहुतेकदा दोष याच ओ-रिंगचा असतो. ओळखायला इंजिन चालू ठेवून संशयाच्या जोडावर थोडं ऑइल सोडा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरतेय. या जोडांना टेफ्लॉन टेप लावू नका. तिचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्ह अडवतात.

ड्रेन बोल्ट नव्या वॉशरसह बसवा. भरताना स्वच्छ जाळीचं नरसाळं वापरा आणि खालच्या खुणेच्या जरा वर थांबा. इंजिन फक्त आयडलला चालू करा, लिफ्टचा लिव्हर खालीच ठेवा. मिनिटभर थांबून रिकामी लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करा, हवा निघून जाईल. मिनिटभरात लिफ्ट हलायलाच तयार नसेल तर इंजिन बंद करा. कोरडा फिरणारा पंप लवकर जातो. मग इंजिन बंद, लिफ्ट खाली, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक बघा आणि वरच्या खुणेपर्यंत भरा. जास्त भरलं तर ब्रीदरमधून उलटतं आणि ऑइल तापून फेसाळतं.

गळती शोधताना नळीवर हात फिरवू नका. दाबाची बारीक धार कातडीत घुसते. पुठ्ठा धरून बघा. धार हातात घुसली आणि जखम अगदी टाचणीएवढी दिसली तरी थेट दवाखाना गाठा.

उचलणारी ट्रॉली जोडत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिचा जॅक बरेच लिटर ऑइल ओढून घेतो. पातळी ट्रॉली खाली असतानाच बघा आणि दुसऱ्याच्या ट्रॉलीतलं काळं ऑइल आपल्या नव्यात मिसळू देऊ नका. जोडण्याआधी नळीचं कपलिंग पुसणं ही दोन सेकंदांची गोष्ट, तीही कुणी करत नाही.

दहा तासांनी डिपस्टिक, फिल्टर आणि ड्रेन बोल्ट पुन्हा तपासा. बदलीच्या वेळचे मीटरचे तास फेंडरच्या आत मार्करने लिहून ठेवा. जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला द्या. बांधावर किंवा विहिरीच्या कडेला नको.