लोकल मध्येच उभी राहिली, तर कारण डब्यातूनच कसं ओळखायचं

सायन-कुर्ल्याच्या मध्ये गाडी उभी राहिली की सगळे आधी मोबाइल काढतात. त्याआधी वर पंख्याकडे बघा. अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

पंखे फिरताहेत आणि सगळे दिवे लागलेले आहेत, म्हणजे ओव्हरहेड वायरमध्ये वीज आहे. गाडी बहुधा सिग्नलला उभी आहे. आता घड्याळ बघा. लोकलच्या मार्गांवर बरेच सिग्नल स्वयंचलित असतात. त्यांच्या खांबावरच्या पांढऱ्या गोल पाटीवर काळा ‘ए’ असतो. असा सिग्नल लाल असेल, तर मोटरमनने दिवसा १ मिनिट आणि रात्री २ मिनिटं थांबायचं, मग पुढचा रूळ बघत सावकाश गाडी काढायची, असा नियम आहे. म्हणून मिनिटभराने गाडी रखडत सरकू लागली, की सिग्नल बिघडलाय किंवा पुढे गाड्यांची रांग लागलीये. दहा मिनिटं जागची हललीच नाही, तर ती बहुधा ‘ए’ नसलेल्या सिग्नलला अडकलीये. हे सिग्नल सांध्यांपाशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे असतात, कुर्ला, दादर, कल्याणसारख्या ठिकाणी. तिथे लाल सिग्नल परवानगीशिवाय ओलांडता येत नाही, त्यामुळे मोटरमनवर चिडून उपयोग नाही.

बिघडलेला सिग्नल लालच का होतो, हे कळलं की पावसाळ्यातला निम्मा गोंधळ उलगडतो. रुळांतून कमी दाबाचा प्रवाह सोडलेला असतो आणि तो दुसऱ्या टोकाच्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) ओढून धरतो. गाडी आली की तिचे आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह वाटेतच परततो, रिले सुटतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. रूळ आरपार तुटला तरी प्रवाह तुटतो. खडीत पाणी साचलं, तर तो पाण्यातून गळतो. रिलेला या तिन्हींतला फरक कळत नाही. तडे हिवाळ्यात पहाटे जास्त जातात, कारण एकसंध जोडलेले लांब रूळ थंडीने आकसू बघतात आणि त्यांच्यावर ताण येतो. काही ठिकाणी आता रुळालगतची यंत्रं आस मोजतात. आत गेलेले आणि बाहेर पडलेले जुळले नाहीत, तर तिथेही लालच.

आता उलट बाजू. पंखे बंद, मोजकेच दिवे मिणमिणताहेत आणि डब्याखालची गुणगुण थांबलीये: वीज गेली. शेजारच्या रुळावरच्या गाड्याही थांबल्या असतील तर बिघाड मोठा आहे. त्या धावत असतील, तर तो तुमच्याच मार्गावर किंवा तुमच्याच गाडीत, बऱ्याचदा पेंटाग्राफमध्ये (टपावरच्या, वायरमधून वीज घेणाऱ्या सांगाड्यात). मात्र चालत्या गाडीत काही सेकंद पंखे मंदावून पुन्हा फिरले, तर काळजी नको. त्याचं कारण वीज पुरवायच्या पद्धतीत आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (आताचं सीएसएमटी)-कुर्ला हार्बर मार्गावर पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि शेवटी हार्बरवर २०१६ मध्ये ती पद्धत संपून २५,००० व्होल्ट एसी आला. एसीत लगतच्या भागांना वेगवेगळ्या फेजमधून वीज येते, म्हणून मध्ये थोडी निर्जीव वायर ठेवावी लागते. गाडी ती वेगाच्या जोरावर ओलांडते. (तिथेच थांबली तर मात्र पंचाईत.)

ब्रेक एकदम लागले आणि डब्यात हवेचा ‘फुस्स’ आवाज चालूच राहिला, तर कुणीतरी साखळी ओढलीये. ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब असतो, तो तिथून निसटतो. साखळीने उघडलेली झडप पूर्ववत होईपर्यंत गाडी निघत नाही. दोन घंट्या ऐकू आल्या, की गार्डने निघायची खूण दिली.

पावसात खिडकीतून रूळ बघा. रूळ दिसत असेल तर आशा आहे. पाणी रुळावर साधारण ४ इंच चढलं, की वाहतूक बंद पडण्याची वेळ जवळ आली, कारण मोटरी डब्याखाली चाकांजवळच टांगलेल्या असतात. सांधे हलवणारी यंत्रंही बुडतात. त्यात मोठी भरती असेल तर नाल्यांचं पाणी समुद्रात जातच नाही. अशा वेळी ओहोटीची वेळ बघा, इंडिकेटर नव्हे.

उतरायची घाई करू नका. शेजारच्या रुळावर फास्ट गाडी येऊ शकते, आणि लोंबणारी वायर मेलेली दिसली तरी तिच्यापासून किमान २ मीटर दूर राहा. मदत हवी असेल तर १३९ ला फोन करा आणि ‘ठाण्याच्या अलीकडे’ असं मोघम सांगण्याऐवजी वायरच्या खांबावरची पाटी वाचून दाखवा. ३०/१२ लिहिलं असेल तर ३० वा किलोमीटर, १२ वा खांब. मध्य रेल्वेवर हे अंतर सीएसएमटीपासून मोजतात (ठाणे ३४, कल्याण ५४), पश्चिमेवर चर्चगेटपासून. सोबत डब्याच्या आत रंगवलेला नंबरही सांगा. रात्री पाटी दिसत नसेल तर खिडकीतूनच टॉर्च मारा, दारातून वाकू नका.